साउंडप्रूफ खिडकी, काही महिन्यांनंतर: काच पास, रबर नापास

१०.७६ मिमी लॅमिनेटेड काच (मधल्या फिल्मने चिकटवलेल्या दोन काचा), यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिकची केसमेंट (बिजागरीवर उघडणारी झडप), दुहेरी गॅस्केट (झडपेच्या कडेची रबरी पट्टी), अनेक ठिकाणी अडकणारं मल्टिपॉइंट लॉक. कॅटलॉग सगळ्यांनी वाचलेला असतो, म्हणून थेट तक्रारीवर येतो. बसवल्यावर गप्प झालेले हॉर्न काही महिन्यांत पुन्हा घरात. सर्व्हिसवाल्याने काचेवर टिचकी मारली आणि 'डबल ग्लास घ्या' म्हणून मोकळा झाला.

काच ठणठणीत होती. गॅस्केट ताणून बसवलेलं, ते आकसलं आणि चारही कोपऱ्यांत फट पडली. फटीला कमी लेखू नका. १.२ मीटर चौरस खिडकीभोवती सगळीकडे १ मिमी फट राहिली, तर ती क्षेत्रफळाच्या ०.३३ टक्के होते; मग काच कितीही जाड असो, आवाज फार तर २५ डेसिबलने कमी होणार.

तपासणी फुकटात होते. झडपेत कागदाची पट्टी धरून खिडकी बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तिथे दाब नाही. लॉकचे रोलर ॲलन कीने थोडे फिरवले की झडप घट्ट बसते, पण कोपऱ्यांना त्याचा उपयोग नाही. तिथे नवं ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं) रबरच हवं: कोपऱ्यात न कापता अखंड फिरवायचं, ताणायचं नाही, उलट किंचित दाबत बसवायचं, जोड वरच्या बाजूला मधोमध आणून इन्स्टंट ग्लूने चिकटवायचा. फटीत सिलिकॉन भरणारा कारागीर परत पाठवा. ते ईपीडीएमला धड धरत नाही. चौकटीतली पाणी निघायची भोकंही बुजवू देऊ नका.

रबर बदलल्यावर हॉर्न आणि टायरची सळसळ पुन्हा गेली, त्यामुळे एका स्टारचे चार करतो. पाचवा नाही, कारण थांबलेल्या बस-ट्रकची घरघर अजून येते. त्यावर ५-१२-५ ची डबल ग्लास (५ मिमीच्या दोन काचा, मध्ये १२ मिमी हवा) हा उपाय नव्हेच: मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि २२० हर्ट्झच्या आसपास काचा अनुनादात येतात, म्हणजे आवाजाबरोबर जोरात थरथरतात, म्हणजे घरघरीच्याच पट्ट्यात खिडकी कमकुवत. आतून साधारण १०० मिमी अंतर सोडून, वेगळ्या जाडीच्या काचेची दुसरी खिडकी लावली तर फरक पडतो. त्याआधी चौकट आणि भिंत यांमधली जागा बघा. नुसता पीयू फोम (फुगून घट्ट होणारा फेस) हलका, त्यावर विसंबू नका; खोलवर मॉर्टर (सिमेंट-वाळू) आणि वरून सीलंट हवं.

अख्ख्या खिडकीत सगळ्यात स्वस्त वस्तू रबर, आणि नेमकं तेच सुटं द्यायला कंपनी का-कू करते. ऑर्डर देतानाच गॅस्केटचा प्रोफाइल नंबर बिलावर लिहून घ्या आणि एका झडपेपुरतं जास्तीचं मागा.