व्हॉल्यूमवरून वळण शोधताना : चार्टइंकच्या स्कॅनरचा अनुभव

घसरत्या शेअरचा कल पालटण्याची चिन्हे व्हॉल्यूमवरून, म्हणजे दिवसभरात हातबदल झालेल्या शेअरांच्या संख्येवरून, हेरायची असतील, तर चार्टइंक या संकेतस्थळावरचा स्कॅनर (दिलेल्या अटींत बसणारे शेअर शोधून देणारी सोय) उपयुक्त आहे आणि दिवसअखेरच्या आकड्यांवर काम करणाऱ्याला त्याची विनाशुल्क सेवाही पुरते, असे माझे मत आहे. नागपुरात बुटीबोरी किंवा मिहानमध्ये नोकरी करून संध्याकाळी घरी परतणाऱ्यांना सव्वानऊ ते साडेतीन पडद्यासमोर बसणे शक्य नसते. थेट भाव आणि तात्काळ इशारे यांसाठी असलेले सशुल्क सभासदत्व त्यांनी घेण्याचे कारण मला दिसत नाही.

या स्कॅनरची खरी जमेची बाजू म्हणजे अटी स्वतः रचता येतात. माझी मूळ अट अशी आहे : आजचा नीचांक गेल्या 20 दिवसांतील सर्वांत खालचा असावा, आजचा व्हॉल्यूम 20 दिवसांच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक असावा आणि बंद भाव दिवसाच्या उच्चांक-नीचांकाच्या मध्याहून वर असावा. तिसरी अट अनेक जण गाळतात, पण माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण नुसता वाढलेला व्हॉल्यूम घाबरून झालेली विक्री दाखवतो की ती विक्री कोणी तरी खालच्या भावात उचलली हे दाखवतो, याचा उलगडा बंद भाव कुठे झाला यावरूनच होतो. शेअर 95 ते 105 मध्ये फिरून 103 वर बंद झाला, तर चैकिन मनी फ्लो या, बंद भावाच्या जागेनुसार व्हॉल्यूमला वजन देणाऱ्या निर्देशकाच्या सूत्रात त्या दिवसाच्या व्हॉल्यूमला अधिक 0.6 चे वजन मिळते; तोच 97 वर बंद झाला असता, तर उणे 0.6 मिळाले असते. बाजार विश्लेषक जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी 1963 मध्ये लोकप्रिय केलेला ऑन बॅलन्स व्हॉल्यूम हा निर्देशक ही बारकाई पाहत नाही. कालच्यापेक्षा भाव पाच पैशांनी जरी वर बंद झाला, तरी तो दिवसाचा सगळा व्हॉल्यूम बेरजेत धरतो.

मनी फ्लो इंडेक्सबाबत (भाव आणि व्हॉल्यूम यांवरून पैशाचा ओघ 0 ते 100 मध्ये मोजणारा निर्देशांक; 20 च्या खाली गेला की अतिविक्री मानतात) थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इतरांनी सार्वजनिक केलेले जे स्कॅन तिथे पाहायला मिळतात, त्यांतील काहींत व्हॉल्यूमचा भडका आणि हा निर्देशांक 20 च्या वर येणे या दोन्ही अटी एकाच दिवसासाठी घातलेल्या असतात. उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची सरासरी आदल्या दिवसापेक्षा खाली असेल, तर त्या दिवसाची पूर्ण उलाढाल उणे बाजूला जाते. म्हणून मोठ्या विक्रीच्या दिवशी हा निर्देशांक बहुधा आणखी खाली ओढला जातो आणि तो 20 च्या वर येण्यास पुढचे काही दिवस लागतात. दोन्ही अटी एकत्र ठेवल्या की खरे उमेदवार यादीतून गळतात. याहून फसवी गोष्ट म्हणजे 14 दिवसांची मुदत सरल्यावर तो मोठा दिवस हिशेबाबाहेर पडतो आणि ताजी खरेदी झालेली नसतानाही निर्देशांक एकदम वर उसळतो. त्यामुळे 20 ची रेषा ओलांडलेला शेअर दिसला की मी आधी दोन-तीन आठवडे मागचे व्हॉल्यूमचे खांब पाहतो.

स्कॅनच्या निकालाखाली येणारा, मागील तारखांना किती शेअर अटीत बसले हे दाखवणारा आलेखही कामाचा आहे. एखाद्या दिवशी यादी अचानक फुगली असेल, तर कारण बहुधा त्या शेअरांत नसून संपूर्ण बाजारात असते. निफ्टीच्या निर्देशांकांत मार्च आणि सप्टेंबरअखेरीस होणाऱ्या फेरबदलांच्या दिवशी निर्देशांक फंडांची सक्तीची खरेदी-विक्री होते, आणि त्या व्हॉल्यूममधून कलाविषयी काहीही निष्कर्ष काढू नये.

यादी हाती आली म्हणजे काम संपले नाही. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) संकेतस्थळावर संध्याकाळी येणारे डिलिव्हरीचे आकडे, म्हणजे त्याच दिवशी न विकता प्रत्यक्ष ताब्यात घेतलेल्या शेअरांचे प्रमाण, प्रत्येक नावापुढे लिहून घ्यावेत. व्हॉल्यूम दुप्पट झाला पण डिलिव्हरीची टक्केवारी निम्म्यावर आली, तर तो बहुतांशी दिवसभरातल्या सट्ट्याचा गोंगाट समजावा. आपल्याकडे मॉइल आणि सोलार इंडस्ट्रीज या नागपूरच्या कंपन्यांचे नाव यादीत आले की ओळखीमुळे हात लवकर पुढे जातो. तिथेही मॉइलने मँगनीज धातुकाचे दर बदलल्याची घोषणा केली आहे का, एखादा मोठा ठोक व्यवहार (बल्क डील) नोंदला गेला आहे का, हे शेअर बाजाराच्या सूचनांत पाहूनच पुढे जावे.

नवख्यांना एक सूचना करावीशी वाटते. स्कॅन सर्व शेअरांवर चालवला, तर अत्यल्प उलाढालीचे शेअर यादीत भरतात, कारण तिथे काही हजार शेअरांच्या खरेदीनेही व्हॉल्यूम सरासरीच्या दुप्पट होतो. बंद भाव गुणिले 20 दिवसांचा सरासरी व्हॉल्यूम किमान 5 कोटी रुपये असावा, एवढी एकच अट वाढवली की यादी वाचण्याजोगी होते. आणि अशी गुणाकाराची अट या स्कॅनरमध्ये सरळ लिहिता येते.