मोदक की बलू? ठळक देवनागरी शीर्षकासाठी फाँट निवडताना

मुखपृष्ठ, भित्तिपत्रक किंवा बोधचिन्ह यांसाठी गुबगुबीत आणि किंचित खट्याळ वळणाचे देवनागरी अक्षर हवे असेल, तर मोदक आणि बलू या दोन फाँटांचा विचार अवश्य करावा. दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडवलेले आहेत आणि दोन्ही मुक्त परवान्याखाली असल्यामुळे व्यावसायिक कामातही विनामूल्य वापरता येतात. खर्चाचा प्रश्न असा आधीच मिटल्यावर उरतो तो स्वभावाचा, आणि तिथे ही भावंडे एकमेकांपासून बरीच दूर आहेत.

मोदकाचा सारा खेळ अक्षराच्या पोटातील पोकळीचा आहे. एरवी ही पोकळीच ‘व’ आणि ‘ब’ किंवा ‘प’ आणि ‘ष’ यांतला फरक वाचकाला सांगत असते; मोदकात मात्र ती जवळजवळ बुजवून तिच्या जागी बारीक, वाहत्या पांढऱ्या रेषा ठेवल्या आहेत, त्यामुळे काळ्या आकारापेक्षा या पांढऱ्या रेषेवरूनच अक्षर ओळखावे लागते. गुंतागुंतीच्या जोडाक्षरांतही ही रेषा शक्य तितकी एकसारखी राखण्याचे कसब दाद देण्याजोगे आहे. पण तीच रेषा या फाँटाची मर्यादाही ठरवते. आकार लहान केला की ती दिसेनाशी होते, शाई शोषणाऱ्या कागदावर ती भरून जाते, आणि संगणकावरचे ‘बोल्ड’चे बटण दाबले तर कृत्रिम जाडी चढून उरलीसुरली पोकळीही नाहीशी होते. (हा मोह अनेकांना होतो, इतक्या जाड अक्षराला आणखी जाड करावेसे का वाटते, हे कोडेच आहे.) एक-दोन शब्दांचे, मोठ्या आकारातले शीर्षक हीच मोदकाची खरी जागा होय.

बलू तुलनेने समंजस आहे. त्याची टोके गोलसर आणि अंग भरलेले असले, तरी पोकळ्या मोकळ्या असल्यामुळे चार-पाच शब्दांची ओळ किंवा उपशीर्षक तो सहज पेलतो. मूळ बलू एकाच जाडीचा होता. ‘बलू २’ या पुढच्या आवृत्तीत रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच जाड्या मिळतात, त्यामुळे शीर्षक, उपशीर्षक आणि बटणावरचा मजकूर एकाच घराण्यात बसवता येतो. मोदकात देवनागरी व रोमन एवढ्याच लिप्या आहेत, तर बलूचे भाऊबंद इतर भारतीय लिप्यांतही आहेत आणि त्यांची नावेही त्या त्या भाषेतल्या भावाची आहेत: गुजरातीत भाई, बंगालीत दा, तमिळमध्ये तंबी, मल्याळममध्ये चेट्टन. बहुभाषिक कामासाठी म्हणूनच बलूच घ्यावा.

जाडी हवी पण खट्याळपणा नको, अशा कामासाठी या दोहोंऐवजी जाड-बारीक रेषांचा तीव्र विरोध असलेला रोझा वन पाहावा.

निर्णयापूर्वी ‘कमळ’सारख्या सोप्या शब्दावर विसंबू नये. आपले प्रत्यक्ष शीर्षक, विशेषतः त्यात ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ किंवा रफार-वेलांटी एकत्र येत असेल तर, ते जिथे सर्वांत लहान दिसणार आहे त्या आकारात छापून हातभर अंतरावरून वाचावे. गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर असेल, तर तोही नमुना वेगळा काढावा. दोनदा पाहूनही एखादे अक्षर अडत असेल, तर मोदक बाजूला ठेवून बलूची सर्वांत जाड आवृत्ती लावावी.