७५० वॅटचा मिक्सर, थाई करी आणि ती एक रबरी रिंग (हिवाळाभर वापरून झाल्यावर)

वॅट, जार, स्पीड हे सगळं खोक्यावर छापलेलं असतंच, ते परत लिहीत बसत नाही. दिवाळीच्या सेलमध्ये घेतला. घ्यायचं खरं कारण म्हणजे थाई करीची पेस्ट घरी करायची होती. सोलापुरात रेडीमेड डबी म्हणजे ऑनलाईनच मागवायची, आणि त्यातल्या बऱ्याच डब्यांत कोळंबीची पेस्ट असते. आमचं घर पक्कं शाकाहारी, त्यामुळं विषयच संपला.

आता मुद्द्याचं. चटणी जारच्या झाकणातली रबरी रिंग. बाकी मिक्सर कसा आहे ते खाली सांगतो पण आधी ही रिंग. थाई पेस्टमध्ये लसूण, गवती चहाचा बुडखा, कुलिंजन (आल्यासारखंच एक मूळ), कोथिंबिरीची मुळं, मिरच्या, सगळं उग्र. जार धुतला की स्टीलचा वास जातो, रिंगचा जात नाही. साबण झाला, लिंबाची साल झाली, बेसन लावून झालं, गच्चीवर उन्हात ठेवून झाली, ढिम्म. संक्रांतीला आईने त्याच जारमध्ये तिळाचा कूट केला. गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या आत्यानं वडी तोंडात टाकली आणि म्हणाली, "वैनी, तिळात लसूण घातलाव का ओ?" आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघितली. एवढे हजार रुपये घेताय, एक जादा रिंग खोक्यात टाकायला काय जातं यांचं? रेसिपीचं पुस्तक टाकलंय, ते कोण वाचतंय.

त्यातच जानेवारीत जारच्या बुडातनं काळं तेलकट पाणी यायला लागलं. सर्व्हिस सेंटरवाला जार उलटा करून बघतो आणि म्हणतो बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ते) गेलंय, तुम्ही कडक काहीतरी दळलंय. म्हटलं कुलिंजन दळलं, काष्ठौषधीच्या दुकानातलं वाळकं, तेही रात्रभर भिजवून. तर म्हणे मग वॉरंटीत बसत नाही. अहो खोक्यावर अख्ख्या हळकुंडांचा फोटो छापलाय की! फोटो दाखवला तर म्हणे ते मोठ्या जारसाठी. मोटरला पाच वर्षं वॉरंटी आहे पण जारच्या रबर-प्लॅस्टिकला नाही, हे कार्डाच्या मागच्या बाजूला भिंग घेऊन वाचायचं. तीन चकरा मारायला लावल्या, शेवटी बुश बदलून दिलं, पैसे घेऊनच. त्या दिवशी हे लिहिलं असतं तर दोन स्टारच्या वर गेलो नसतो.

पण नंतर मत बदललं, ते का ते सांगतो. नव्या पेठेत मिक्सरचे सुटे भाग विकणाऱ्याकडं त्याच मापाची रिंग मिळाली, वडापावच्या पैशात. आता काळी रिंग थाईची, पांढरी रिंग घरची, आणि भांडणच मिटलं. मग मिक्सरकडं नीट बघितलं तर मोटर खरंच दणकट आहे. गवती चहाचे दोरे पात्याला गुंडाळले की आधीचा मिक्सर रडायचा, हा खालचं लाल बटण पाडून गप बसतो, पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा, बटण दाबायचं, परत सुरू. दोरे येऊच नयेत म्हणून बुडखा आडवा आणि एकदम बारीक चिरायचा. आणि मंडईतली जुडी पेस्टला चालत नाही, ती वरनं कापलेली नुसती पात असते, चहाला ठीक. बुडख्यासाठी कुणाच्या तरी अंगणातलं बेट शोधा. कोथिंबिरीची मुळं मात्र जुडीसोबत फुकट येतात, आपण टाकून देतो, थाई लोक तीच वाटतात.

चटणी जारचा आणखी एक त्रास म्हणजे पेस्ट थोडी असली की ती पात्याला लागत नाही. मग लोक पाणी घालतात, आणि पाणी घातलं की पेस्ट परतली जात नाही, नुसती उकडते. पाण्याऐवजी नारळाचं दाट दूध दोन चमचे घाला. ते दूधही याच मिक्सरच्या मोठ्या जारमध्ये काढतो, कोमट पाणी घालून. दूध फ्रीजमध्ये ठेवलं की वर साईचा जाड थर थिजतो. तो थर काढून कढईत तापवायचा, तेल सुटेपर्यंत, मग त्यात पेस्ट परतायची, पातळ दूध शेवटी. आपल्या रश्श्याला तेल सुटू देतो तसंच. पॅकबंद दुधात ते फुटू नये म्हणून बऱ्याचदा काहीतरी घातलेलं असतं, मग कितीही तापवा, तेल सुटतच नाही. मी पॅक बंद केलेत, दोन नारळ त्यापेक्षा स्वस्त पडतात.

या थंडीत सगळ्यात जास्त काय झालं विचाराल तर मसामन ही थाई करी. बटाटा, दालचिनी, वेलची, जिरं, चिंच, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे, म्हणजे सोलापूरकराला दुकानात जायचंच काम नाही. मूळच्या करीत मासळीचा सॉस असतो, मी मीठ आणि थोडा सोया सॉस घालतो. आईनं पहिल्यांदा काळं तिखट मागितलं, आता तशीच खाते, वर ज्वारीच्या भाकरीसोबत. तुळशीची पानं तेलात परतून करायची थाई भाजी मात्र घरात झाली नाही. तीच तुळस, थायलंडमध्ये सर्रास परततात, पण आईनं वृंदावनाकडं हात दाखवून विषय संपवला. आणि सर्दी झाली की इंद्रायणीचा पातळ भात, आल्याचे उभे काप, वर तळलेला लसूण आणि पांढरी मिरी. त्याला मिक्सर लागतच नाही, त्यामुळं इथं लिहायचं कारण नाही, पण चांगला लागतो म्हणून लिहिलं.

आवाज जास्त आहे, सकाळी सहाला लावला तर शेजारचे विचारतात आज काय बेत. ग्राइंडर जार ठीक. साडेतीन स्टार, चार दिले असते, अर्धा रिंगचा कापला. रिंग आणायला जाताना झाकण सोबत न्या, नुसतं कंपनीचं नाव सांगितलं की ते भलत्याच मापाची देतात आणि उघडलेलं पाकीट परत घेत नाहीत.