रेडीमेड फ्रेम, माउंट आणि फोटोचं माप : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत घेतलेल्या सोळा रेडीमेड फ्रेम दहा महिने भिंतीवर आहेत. सहा ८×१० इंची, चार १२×१६, दोन १६×२०, दोन १२×१८ आणि दोन ए-फोर. घर वडोदऱ्याचं, दांडिया बाजाराच्या बाजूचं, जुन्या जाड भिंतींचं. त्यामुळे मे महिन्याचं ऊन आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही परीक्षा झाल्या. पट्टी सिंथेटिक, पुढे २ मिमी काच, मागे ३ मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी. वस्तू म्हणून फ्रेम बऱ्या आहेत. घोळ होतो तो मापांचा, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट, फ्रेमवर लिहिलेलं माप काचेचं असतं, दिसणाऱ्या भागाचं नव्हे. पट्टीच्या आतली खाच चारही बाजूंनी ५-६ मिमी झाकते. म्हणजे ८×१० च्या फ्रेममधून प्रत्यक्षात साधारण साडेसात बाय साडेनऊ इंच दिसतं. लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या मावशीचा खांदा किंवा कोपऱ्यातली सही त्या खाचेत जाते. बॉर्डरलेस, म्हणजे पांढरी किनार नसलेला प्रिंट काढताना मशीन चित्र थोडं मोठं करून कडेचे दोन-तीन मिमी आणखी उडवतं, ते वेगळंच.

आता गुणोत्तर. मोबाइलचा कॅमेरा ४:३, डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस (लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे) ३:२, आणि बाजारात सर्वांत सहज मिळणारी ८×१० नि १६×२० ही मापं ५:४. ही तीन घराणी तीन ठिकाणांहून आली. ५:४ आलं जुन्या स्टुडिओतल्या मोठ्या शीट फिल्मवरून. ३:२ आलं ३५ मिमी फिल्मच्या २४×३६ मिमी चौकटीवरून, जी १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने रूढ केली. त्यांचं आपसात जमावं अशी अपेक्षाच चूक. डीएसएलआरचा फोटो ८×१० मध्ये पूर्ण भरायचा तर लांबीचे १२ पैकी २ इंच कापावे लागतात, म्हणजे सहावा हिस्सा. ग्रुप फोटोत तेवढ्यात दोन माणसं जातात. मोबाइलचा आडवा फोटो ४×६ वर काढला तर उंचीचा नववा भाग जातो, म्हणजे वर डोकी नाहीतर खाली पाय. तोच फोटो ८×१० वर काढला तर लांबीचा सोळावा भागच जातो. ६×८, ९×१२, १२×१६ आणि १८×२४ ही मापं मात्र मोबाइलच्या फोटोला तंतोतंत बसतात.

ए-फोरची एक गंमत. त्याचं गुणोत्तर १.४१४, आणि ते ४:३ व ३:२ यांच्या बरोबर मध्ये आहे (४/३ गुणिले ३/२ म्हणजे २, आणि त्याचं वर्गमूळ म्हणजेच ए-फोर). म्हणून मोबाइलचा फोटो असो की डीएसएलआरचा, ए-फोरवर दोघांचंही नुकसान सारखंच होतं, पावणेसहा टक्के. फक्त एकाचं उंचीत, दुसऱ्याचं लांबीत. घरच्या प्रिंटरवर काढणाऱ्यांनी कडेला तेवढी जागा ठेवूनच फोटो टिपावा.

हे सगळं माउंटशिवाय, म्हणजे फोटोभोवती येणाऱ्या खिडकी कापलेल्या जाड पुठ्ठ्याशिवाय फोटो लावण्याबद्दल. माउंट लावायचं ठरवलं की गुणोत्तर विसरा आणि वजाबाकी करा. फ्रेमच्या लांबी-रुंदीतला फरक आणि फोटोच्या लांबी-रुंदीतला फरक सारखा असेल, तर चारही बाजूंचा पांढरा पट्टा समान येतो. ८×१० चा फरक २. ४×६, ५×७ आणि ६×८ या तिन्हींचाही २. म्हणून एकाच ८×१० फ्रेममध्ये ४×६ ला दोन इंच, ५×७ ला दीड इंच आणि ६×८ ला एक इंच पट्टा मिळतो, सगळीकडे सारखा. १२×१६ चा फरक ४, ८×१२ चाही ४, म्हणजे डीएसएलआरचा न कापलेला फोटो दोन इंच पट्ट्यासह चपखल. १६×२० मध्ये मोबाइलचा १२×१६ त्याच दोन इंचांत बसतो. १२×१५ ची फ्रेम मिळाली तर ९×१२ ला दीड इंच येतो. दहा महिन्यांत या संचातल्या १२×१६ च्या चारही फ्रेम सर्वांत उपयोगी ठरल्या, त्या मूळ यादीत जवळजवळ नव्हत्याच.

उलट १२×१८. दिसायला ऐटदार, पण तिचा फरक ६. ८×१२ टाकला की एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला ३ इंच पट्टा, आणि फोटो मापात चुकल्यासारखा दिसतो. माउंटशिवाय पूर्ण १२×१८ प्रिंट किंवा माउंटसह ६×१२ चा लांबट पॅनोरमा, एवढंच तिचं काम. ए-फोरच्या दोन्ही फ्रेममध्ये शेवटी पदवीची प्रमाणपत्रं गेली.

चौकोनी फोटोंचा प्रश्न वडोदऱ्यात हमखास येतो. ॲग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा इथेच बनायचा, १२० नंबरच्या फिल्म रोलवर ६×६ सेंमीचे बारा फोटो काढायचा, आणि जुन्या ट्रंकांमध्ये तसे फोटो अजून सापडतात. चौकोनाचा फरक शून्य, त्यामुळे कुठल्याही आयताकृती फ्रेममध्ये पट्टा समान येणार नाही. इथे मुद्दाम असमान ठेवावा. ६×६ इंचांचा प्रिंट उभ्या ८×१० मध्ये बाजूंना १, वर दीड आणि खाली अडीच इंच. खालची बाजू जड ठेवली की नजरेला स्थिर वाटतं, वर-खाली दोन-दोन ठेवलं तर फोटो घसरल्यासारखा भासतो.

प्रिंटिंगच्या दुकानात फाइल देताना "फिट" (पूर्ण फोटो, उरलेली जागा पांढरी) की "फिल" (कागद पूर्ण भरून) हे सांगितलं नाही तर मशीन फिल करतं, म्हणजे कापतं. फोटो पेपरचा रोल १२ इंच रुंद असल्यामुळे १२×१८ सर्वत्र सहज निघतो, १२×१६ साठी मात्र कुरकुर होते. उपाय सोपा आहे. ३६००×५४०० पिक्सेलचा कोरा पांढरा कॅनव्हास घ्या, त्यावर ३६००×४८०० चा फोटो ठेवा, १२×१८ म्हणून काढून घ्या आणि उरलेली दोन इंचांची पांढरी पट्टी कापा. १२ मेगापिक्सेल मोबाइलचा मूळ फोटो या मापाला इंचामागे सुमारे २५० पिक्सेल देतो, ते पुरेसं आहे. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतो, तो १२×१६ वर इंचाला १०० म्हणजे चेहऱ्यांचा लगदा. "डॉक्युमेंट" म्हणूनच मागवा. मोबाइलवर १६:९ ही बहुधा ४:३ चीच कापलेली प्रत असते, ते निवडून काही हाती लागत नाही.

माउंट कापताना खिडकी फोटोपेक्षा चारही बाजूंनी ३ मिमी लहान ठेवा, ८×१२ साठी पावणेआठ बाय पावणेबारा. बाहेरचं माप मात्र फ्रेमपेक्षा २ मिमी कमी. सुरुवातीला अगदी घट्ट बसवलेली दोन माउंट जुलैच्या ओलीत फुगून मध्ये पोट काढून बसली. फोटो चारही बाजूंनी चिकटवला तरी तेच होतं, कागदाला हलायला जागा हवी. वरच्या कडेला कागदी टेपच्या दोन पट्ट्या पुरतात. सेलोटेपचा गोंद मे महिन्यात पाघळतो आणि फोटोच्या मागून डाग वर येतो.

माउंटशिवाय लावलेल्या दोन १२×१८ प्रिंटपैकी एक काचेला चिकटला. पावसाळी भिंत, मागे हवा नाही, फोटोचा जिलेटिनचा थर मऊ झाला आणि झालं. तो ओढून काढू नये, थर काचेवरच राहतो. माउंट असलेल्या एकाही फोटोला हे झालं नाही, कारण काच आणि फोटोत दीड मिमी हवा राहते. माउंट नकोच असेल तर खाचेत काचेच्या कडेने बारीक प्लास्टिकची पट्टी टाका, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांवर रबरी बुश चिकटवा, म्हणजे भिंतीपासून फट राहते.

फ्रेमची तक्रार एवढीच की मागच्या वाकवायच्या पत्र्याच्या पट्ट्या चौथ्या-पाचव्यांदा उघडताना तुटतात. १६×२० च्या दोन्हींना त्यांच्या जागी छोटे स्क्रू मारावे लागले, आणि वरच्या एका हुकाऐवजी दोन बाजूंना डी-रिंग (डी आकाराच्या कड्या) लावून तार ओढली. तेव्हापासून त्या तिरक्या होत नाहीत. पुन्हा घ्यायच्या झाल्या तर १२×१६ आणखी चार, १२×१८ एकही नाही.