सारंगखेड्याच्या यात्रेला भाड्याचा कॅरॅव्हॅन ट्रेलर: साडेतीन तारे

दत्तजयंतीच्या दिवसांत सारंगखेडा काय नि शहादा काय, लॉजवर खोली मिळणं मुश्कील. त्यात आईचे गुडघे. म्हणून यंदा जळगावहून चार दिवस कॅरॅव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, भाड्याने घेतला. रोजचे साडेसहा हजार, डिपॉझिट वेगळं. ओढायला आमची जुनी स्कॉर्पिओ. मी, बायको, पोरगी, आई आणि धाकटा भाऊ. आईने दारातूनच आत डोकावून विचारलं, "हाई गाडी से का खोली?"

विदगावचा तापीवरचा पूल ओलांडला, धानोऱ्याच्या अलीकडे वेग पासष्टला गेला आणि ट्रेलर डुलायला लागला. कुणी शेपटी धरून गदागदा हलवावी तसा. ब्रेक न मारता नुसता पाय काढला म्हणून निभावलं. चूक माझीच: पाण्याचे दोन कॅन आणि भरताच्या वांग्यांचं पोतं मी मागच्या भिंतीला रचलं होतं. मागे वजन जास्त झालं की गाडीला जोडणाऱ्या हुकावरचा भार हलका पडतो आणि ट्रेलर झुलतो. सगळं चाकांच्या जरा पुढे सरकवलं, डुलणं थांबलं. पण मालकाने टीव्ही कसा लावायचा हे दहा मिनिटं समजावलं, वजन कुठे ठेवायचं यावर अवाक्षर नाही. एक तारा तिथेच गेला.

अडावदहून उनपदेवला वळलो. गोमुखातून पडणाऱ्या गरम पाण्याखाली आईने अर्धा तास गुडघे धरले. मी तेवढा वेळ ट्रेलर मागे घेत होतो. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपूट उजवीकडे जाते. डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. शेवटी भाऊ म्हणाला, "दादा, उतर." तो रोज ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेतो. एका दमात लावला.

आत काय चांगलं? संडास. आईला रात्री अंधारात बाहेर जावं लागलं नाही, माझे पैसे तिथेच वसूल झाले. फक्त खालची टाकी रोज आपल्यालाच रिकामी करावी लागते, हे आधी ठरवून घ्या. आमच्या घरात ते काम माझ्याकडे आलं. दिवे, पंखा, पाण्याचा पंप बॅटरीवर चालतात. एसी मात्र बाहेरून वीज जोडली तरच. डिसेंबरात गोधडी पुरली. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा या पत्र्याच्या डब्याच्या वाटेला जाऊ नका.

स्वयंपाकाची जागा चहा नि मॅगीपुरती. कळण्याची भाकरी थापायला आईचा हात फिरेना, वर शेगडी बारकी. तिने बाहेर तीन दगड मांडले. ट्रेलर समतल करायला दिलेले लाकडी ठोकळे सरपणात जाण्याआधी मी उचलून घेतले, नाहीतर डिपॉझिटचा धूर झाला असता.

शिरपूरनंतरच्या खड्ड्यांत कपाटाची एक कडी तुटली. तिचे तीनशे कापले, वाद घातला नाही.

सारंगखेड्यात एकमुखी दत्ताचं दर्शन घेऊन घोडेबाजाराच्या कडेला एका शेतात मुक्काम केला. सकाळी दार उघडलं तर पागोटेवाले दोन म्हातारे बाहेर उभे. एकाने वाकून चाकं पाहिली, दुसऱ्याने पत्र्यावर घोड्याच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली आणि विचारलं, "भाऊ, हाई कितलाले?"