नॅट की ब्रिज: व्हर्च्युअल मशीनला कोणती जोडणी द्यावी?
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात माझा संगणक मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच चालतो, आणि अशा ठिकाणी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारा प्रोग्राम) उबंटू ही कार्यप्रणाली चालवणाऱ्याने नेटवर्क जोडणीच्या नॅट आणि ब्रिज या प्रकारांपैकी आधी नॅटच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नॅटमध्ये आतल्या मशीनला सहसा १०.०.२.१५ हा आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळख क्रमांक) मिळतो आणि तिची सारी वाहतूक मूळ संगणकाच्या पत्त्यावरूनच बाहेर जाते. म्हणून बाहेर ब्राउझर चालत असेल, तर आतही तो बहुधा चालतो. ब्रिजमध्ये मशीन राउटरकडे स्वतंत्र पत्ता मागते, आणि अनेक वायफाय कार्डांवर ते जमत नाही. गेल्या पावसाळ्यात माझा अख्खा दिवस यात गेला: वायफायचे चिन्ह पूर्ण भरलेले, पण उबंटूला पत्ताच नाही. नॅट निवडताच पान उघडले.

नॅटची अडचण एकच, पण खरी आहे: आतल्या सर्व्हरचे पान बाहेरून आपोआप दिसत नाही, त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (मूळ संगणकाच्या एका पोर्टवर, म्हणजे क्रमांकाच्या दारावर, आलेली वाहतूक आतल्या मशीनच्या पोर्टकडे वळवण्याची सोय) उदाहरणार्थ बाहेरचे पोर्ट ८०८० आतल्या पोर्ट ८० ला जोडावे लागते. शाळेत नेटवर्कची केबल असेल आणि इतर संगणकांनाही ते पान पाहायचे असेल, तर ब्रिजच सरस. मात्र ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरच्या पत्त्याला पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) पोचत असूनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर जोडणी न बदलता आधी डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) तपासावे.