दाबाचे मोजे (क्लास २, म्हणजे मध्यम दाबाचे): आठ महिने वापरल्यानंतर

सांगलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. वीस वर्षं रोज नऊ-दहा तास ओट्यापाशी उभी. डाव्या पायाच्या घोट्याला आतल्या बाजूने जखम झाली, ती दीड वर्ष भरलीच नाही. गल्लीतल्या दवाखान्यात पावडर टाकून पट्टी व्हायची, घरी मी हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवायची. फेस आला की वाटायचं, घाण निघतेय.

मिरजेला दाखवलं तेव्हा कळलं, दुखणं शिरांचं आहे. पायातल्या शिरांच्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, पाय सुजतो आणि जखम भरत नाही. दीड वर्षात हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. यावर उपाय म्हणजे पायाला बाहेरून दाब देणं. पण त्याआधी डॉपलरने (रक्ताचा प्रवाह तपासायचं यंत्र) घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहिला. धमन्या अरुंद असतील तर दाबाने पायाला इजा होते, म्हणून कळकळीने सांगते, तपासणीशिवाय हे मोजे परस्पर आणू नका.

पहिले अकरा आठवडे मोजे नव्हतेच, दाबाची पट्टी होती. पाऊल काटकोनात धरून बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवून. माझ्या मुलीने सिस्टरांसमोर दोनदा बांधून दाखवली, मगच घरी बांधायची परवानगी मिळाली. बोटं निळी किंवा बधिर झाली तर लगेच सोडायची. जखम फक्त सलाईनने धुवायची. दर रविवारी मुलगी जखमेवर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक धरून कडेकडेने रेघ मारायची, ते गणिताच्या वहीवर ठेवून चौकटी मोजायची. पहिल्या रविवारी २१, चौथ्या रविवारी १२. त्या दिवशी मला रडू आलं.

जखम भरल्यावर मोजे आले. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पायाची सूज उतरलेली असतानाच घालायचे. सुरुवातीला टाचेवरून चढेचनात. मग युक्ती सापडली: पावलावर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी, हातात भांडी घासायचे रबरी मोजे. टाच बसली की पिशवी पुढच्या उघड्या भागातून ओढून काढायची. आता दोन मिनिटं लागतात. संध्याकाळी पाय जड होत नाही, हा सगळ्यात मोठा फरक. पोळ्या लाटताना मधूनमधून टाचा उचलते, कारण पोटरीचे स्नायूच रक्त वर ढकलतात. दुपारी अर्धा तास पाय उशांवर, छातीपेक्षा उंच.

तक्रारीही आहेत. एप्रिल-मे महिन्यांत गॅसपुढे फार घामेजतं, खाज सुटते. रात्री मोजे काढल्यावर व्हॅसलीन लावते, त्याने बरं वाटतं. सोबतची माहिती फक्त इंग्रजीत. माझ्यासारख्या बाईने ती कशी वाचायची?

दोन जोड्या घ्याव्यात, एक धुवायला पडते. हाताने, साध्या साबणाने, सावलीत वाळवायचे. रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांत ताण जातो. माझी पहिली जोडी आता घोट्याशी सैल पडलीय. शिरा तशाच आहेत, त्यामुळे मोजे कायमचे, असं डॉक्टर म्हणाले. येत्या सोमवारी सकाळी लवकर, सूज चढायच्या आधी, नव्या जोडीचं माप द्यायला जाणार आहे.